फेडोरावर बाहेरचे सॉफ्टवेअर आणणारे इन्स्टॉलर : आवृत्तीबदलानंतरचा अनुभव

फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्स प्रणालीच्या मूळ रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या भांडारात, जे सॉफ्टवेअर मिळत नाही, ते आणण्याचे पाच-सहा मार्ग आज उपलब्ध आहेत. आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रिपॉझिटरी, कॉपर ही ज्याने त्याने पॅकेज बांधण्याची सेवा, फ्लॅटहब हे फ्लॅटपॅक प्रकारच्या अ‍ॅपांचे भांडार, अ‍ॅपइमेज, कंपनीने स्वतः दिलेले आरपीएम (फेडोराच्या मूळ प्रकारचे) पॅकेज आणि 'एका आज्ञेत सगळे' बसवून देणाऱ्या तयार स्क्रिप्ट, हे सारे मार्ग मी दोन लॅपटॉपवर बरेच महिने वापरून पाहिले. त्यांतला एक एनव्हिडिया ग्राफिक्सचा आणि दुसरा एएमडीचा आहे. सुरुवात फेडोरा ४१ वर झाली आणि मध्ये ४२ चा आवृत्तीबदल येऊन गेला. तो आला नसता तर हे परीक्षण बहुधा बरेच गोड झाले असते, कारण बसवण्याच्या दिवशी यांतला प्रत्येक मार्ग चांगलाच वाटतो. आलेली फाइल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे, तिची पुढची दुरुस्ती कोण पुरवणार आणि ती काढून टाकल्यावर मागे काय उरते, या तीन प्रश्नांची उत्तरे सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली म्हणजेच मिळतात. माझी सर्व मते या तीन प्रश्नांवर आधारलेली आहेत.

मूळ फेडोरात ही उणीव का राहते, हे आधी थोडक्यात सांगतो. फेडोराच्या पाठीशी असलेली रेड हॅट ही अमेरिकी कंपनी असल्याने, तिथल्या पेटंटांच्या कक्षेत येणारे कोडेक (ध्वनी आणि व्हिडिओ उलगडणारे सॉफ्टवेअर) आणि मुक्त परवाना नसलेले ड्रायव्हर फेडोरा स्वतः वाटत नाही. एमपी३ सारखा जुना प्रकारसुद्धा पेटंटांची मुदत संपत आल्यावर, २०१६ च्या अखेरीस ऐकण्यापुरता आणि २०१७ मध्ये पूर्णपणे फेडोरात आला. उलट २०२२ मध्ये मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ-प्रकारांचे हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकण्यात आले. त्यामुळे एएमडी ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर असे व्हिडिओ पाहताना सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा फिरत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. लॅपटॉप पुण्यात असो वा पणजीत, त्यावर काय चालणार हे अमेरिकेतल्या पेटंटांवरून ठरते.

तपासण्याची पद्धत साधी ठेवली होती. प्रत्येक मार्ग वापरण्यापूर्वी आणि नंतर बसवलेल्या सर्व पॅकेजांची यादी काढली, रिपॉझिटरीच्या फाइली जिथे राहतात त्या निर्देशिकेची नोंद ठेवली आणि डीएनएफ या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाचा इतिहास पाहिला. आवृत्तीबदलानंतर, सध्या चालू असलेल्या कोणत्याच रिपॉझिटरीत नसलेली पॅकेजे दाखवणारी डीएनएफची 'एक्स्ट्राज' यादी काढली. पॅकेजच्या नावामागे 'एफसी४१' अशी फेडोरा ४१ ची जुनी खूण राहिली म्हणून ते पॅकेज बेवारस ठरत नाही, कारण फेडोराची स्वतःची काही पॅकेजेही नव्याने बांधली न गेल्याने जुन्याच खुणेने पुढे येतात. 'एक्स्ट्राज' यादीत जे दिसते, ते मात्र खरोखर बेवारस असते. त्यातले काहीच पुढच्या कोणत्याही सुरक्षा-दुरुस्तीत बदलले जाणार नाही.

सर्वांत आधी तयार स्क्रिप्टांविषयी, कारण नव्या वापरकर्त्याला पहिला सल्ला बहुधा त्यांचाच मिळतो. ही परंपरा जुनी आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर एके काळी ऑटोमॅटिक्स लोकप्रिय होते. फेडोरावर ऑटोटेन आणि ईझीलाइफ आले, पुढे फेडोरा युटिल्स आणि त्याचेच नवे रूप असलेले फेडी आले. ऑटोमॅटिक्सची तांत्रिक चिकित्सा लिनक्स विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी २००७ मध्ये केली होती. हे साधन पॅकेज-व्यवस्थेला बाजूला सारून काम करते आणि त्यामुळे उबुंटूची प्रणाली धोक्यात येते, असा तिचा निष्कर्ष होता. नंतरची साधने त्या मानाने बरीच सभ्य झाली, तरी मूळ स्वभाव तोच राहिला. एका बटणामागे एक शेल स्क्रिप्ट असते, ती रूट, म्हणजे संपूर्ण प्रणालीवरच्या, अधिकाराने चालते आणि ती नेमके काय करणार हे पडद्यावर दिसत नाही.

गिटहबवर मिळणाऱ्या अशा काही स्क्रिप्ट मी आधी शब्दशः वाचल्या आणि मग चालवल्या. नावे घेत नाही, कारण त्यांच्या लेखकांनी त्या फुकट आणि सद्हेतूने दिल्या आहेत. एकीने डीएनएफच्या मांडणीत अशी ओळ घातली की 'पुढे जाऊ का' या प्रश्नाचे ठरलेले उत्तर 'नाही' ऐवजी 'हो' झाले. नुसती एंटर कळ दाबली की पॅकेजे बसतात किंवा निघतात. मोठी गट-पॅकेजे काढताना हा बदल किती महागात पडू शकतो, याची कल्पना ज्याने कधी डेस्कटॉपचा अर्धा भाग गमावला आहे त्याला सहज येईल. दुसरीने सहीची तपासणी बंद ठेवून पॅकेजे बसवली, काही फॉन्ट थेट पॅकेज-व्यवस्थेबाहेरच्या 'यूएसआर-लोकल' निर्देशिकेत टाकले आणि एका व्यक्तीचे खासगी कॉपर न विचारता सुरू केले. यांतली पॅकेजे डीएनएफच्या 'हिस्टरी अंडू' आज्ञेने मागे घेता आली, परंतु त्या आज्ञेला केवळ पॅकेजांचे व्यवहार माहीत असतात. स्क्रिप्टने हाताने लिहिलेल्या फाइली, जोडलेल्या रिपॉझिटरी आणि बदललेली मांडणी तशीच राहिली, आणि ती शोधून काढायला बसवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

स्क्रिप्टांचा दुसरा दोष फेडोरा ४१ नेच उघडा पाडला. या आवृत्तीपासून डीएनएफ५ हे मूळ साधन झाले आणि रिपॉझिटरी जोडण्याच्या व चालू करण्याच्या आज्ञांची रचना बदलली. पूर्वी 'अ‍ॅड-रेपो' हा पर्याय देऊन जे होत असे, त्यासाठी आता वेगळी उपआज्ञा लागते. चालू-बंद करण्याचे कामही 'सेट-ऑप्ट' या उपआज्ञेकडे गेले. जुन्या स्क्रिप्टमधील त्या ओळी अर्थातच नापास होतात. अडचण अशी की चूक आली तर थांबावे, ही सूचना बहुतेक स्क्रिप्टांमध्ये लिहिलेलीच नसते, त्यामुळे रिपॉझिटरी जोडली गेली नसतानाही स्क्रिप्ट पुढे धावत राहते आणि शेवटी हिरव्या अक्षरांत यशस्वी झाल्याचे जाहीर करते. ज्याला स्क्रिप्ट वाचता येते, त्याला तिच्यातल्या आठ-दहा आज्ञा स्वतःही देता येतात. ज्याला वाचता येत नाही, त्याने ती रूट अधिकाराने चालवू नये. माझ्या लेखी हा मार्ग इथेच संपतो.

आरपीएम फ्यूजनचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल या तीन जुन्या रिपॉझिटरी एकत्र येऊन २००८ मध्ये ही रिपॉझिटरी उभी राहिली. तिचे 'फ्री' आणि 'नॉनफ्री' असे दोन भाग आहेत, पॅकेजे बांधण्याचे नियम फेडोराच्याच वळणाचे आहेत आणि प्रत्येक पॅकेजवर डिजिटल सही असते. एक बारीक गोष्ट मात्र कोणी सहसा सांगत नाही. रिपॉझिटरी जोडणारे पहिले पॅकेज आपण पत्ता देऊन थेट बसवतो आणि अशा सुट्या पॅकेजची सही फेडोरा एरवी तपासत नाही. त्या क्षणी विश्वास फक्त सुरक्षित जोडणीवर असतो. हे टाळायचे असल्यास फेडोराच्या रिपॉझिटरीतील 'डिस्ट्रिब्यूशन-जीपीजी-कीज' हे पॅकेज आधी बसवून त्यातील सही तपासण्याची किल्ली आयात करता येते. दोन मिनिटांचे काम आहे आणि एकदाच करावे लागते.

इथे पॅकेजे बसवण्यापेक्षा बदलण्याचे काम अधिक असते. फेडोराचे 'एफएफएमपेग-फ्री' हे कोडेकांचे अपुरे पॅकेज काढून पूर्ण 'एफएफएमपेग' आणायचे आणि मेसाचे व्हिडिओ ड्रायव्हर 'फ्रीवर्ल्ड' नावाच्या जोडीदाराने बदलायचे. हे झाल्यावर एएमडीच्या लॅपटॉपवर व्हिडिओचा भार पुन्हा ग्राफिक्सकडे गेला, पंखा शांत झाला आणि बॅटरी जास्त टिकू लागली. या बदलाची किंमतही समजून घ्यावी. दोन स्वतंत्र प्रकल्पांची पॅकेजे एकमेकांच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेली असल्यामुळे, फेडोराने मेसाची नवी आवृत्ती सोडली आणि तिचा जोडीदार अजून बांधला गेला नसेल, तर मधल्या काळात डीएनएफ ती अपडेट वगळतो. अशा वेळी जबरदस्तीचा पर्याय देण्याचा मोह आवरावा आणि एक-दोन दिवस थांबावे.

एनव्हिडियाच्या बाबतीत आरपीएम फ्यूजनचे 'अकमॉड' पॅकेज हाच मार्ग मी दुसऱ्याला सुचवतो. नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) आले की त्यासाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल आपोआप बांधले जाते. पहिल्या वेळी बांधणी पूर्ण होईपर्यंत संगणक बंद न करण्याचे पथ्य पाळावे लागते, कारण घाई केल्यास पुढच्या वेळी पडदा काळाच राहू शकतो. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू असल्यास मॉड्यूलवर आपली सही लागते. फेडोरा ४१ पासून ग्नोम सॉफ्टवेअर हे फेडोराचे अ‍ॅप-दुकान त्या सहीच्या किल्लीची नोंदणी करून घेण्याची सोय स्वतःच देते, त्यामुळे पूर्वी टर्मिनलमध्ये करावी लागणारी खटपट वाचली. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरचा 'रन' इन्स्टॉलर मात्र आरपीएमच्या नोंदवहीत न येता फाइली पसरवतो, म्हणून फाइल कोणत्या पॅकेजच्या नावावर आहे, या पहिल्याच प्रश्नावर तो नापास होतो.

कॉपर ही फेडोरानेच दिलेली बांधणी-सेवा आहे, पण तिथली पॅकेजे ज्याची त्याने बांधलेली असतात आणि फेडोरा त्यांची हमी घेत नाही. रिपॉझिटरी चालू करताना तसा इशाराही दिसतो. काही कॉपर अत्यंत काटेकोरपणे चालवली जातात. काहींचा मालक मधल्या काळात कंटाळतो, आणि मग नव्या आवृत्तीसाठी बांधणीच होत नाही. कॉपरच्या रिपॉझिटरी-फाइलीत 'उपलब्ध नसल्यास वगळा' ही सूचना आधीच लिहिलेली असते, त्यामुळे आवृत्तीबदल सुरळीत पार पडतो, कसलीही तक्रार दिसत नाही आणि जुने पॅकेज मुकाट्याने मागे राहते. माझ्या 'एक्स्ट्राज' यादीत सर्वाधिक भरणा अशांचाच होता. कॉपर सुरू करण्यापूर्वी त्याच्या पानावर मागच्या दोन आवृत्त्यांची बांधणी कधी झाली होती, एवढे पाहिले तरी पुरेसा अंदाज येतो.

कंपन्यांच्या आरपीएमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. क्रोमसारखे पॅकेज स्वतःबरोबर स्वतःची रिपॉझिटरी जोडते आणि तिच्याद्वारे अपडेट नियमित येतात, म्हणजे दुरुस्ती कोण पुरवणार, हा दुसरा प्रश्न सुटतो. फेडोराच्या पहिल्या सुरुवातीला दिसणारा 'थर्ड-पार्टी रिपॉझिटरी' हा पर्याय चालू केला तर क्रोम, स्टीम आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर हे बाहेर न हिंडता मिळतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्या पर्यायातून सगळे आरपीएम फ्यूजन येत नाही, स्टीम आणि एनव्हिडियापुरता तुकडाच येतो, हेही लक्षात ठेवावे. कोडेकसाठी पूर्ण रिपॉझिटरी वेगळी जोडावी लागते.

फ्लॅटहबविषयी माझे मत या काळात सुधारले. फेडोरा ३८ पासून वरच्याच पर्यायातून पूर्ण फ्लॅटहब मिळते. त्यावरचे अ‍ॅप मूळ प्रणालीच्या पॅकेजांना हातच लावत नसल्याने आवृत्तीबदलाच्या वेळी त्यांच्याकडे बघावेही लागले नाही. कोडेकही रनटाइमबरोबर (अनेक अ‍ॅपांच्या सामायिक आधार-संचाबरोबर) येत असल्यामुळे, फक्त चित्रपट पाहण्यापुरती गरज असेल तर फ्लॅटहबवरचे व्हीएलसी पुरते आणि आरपीएम फ्यूजनची गरज उरत नाही. जागा मात्र जास्त लागते. एक छोटे अ‍ॅप बसवतानाही शेकडो मेगाबाइटांचा रनटाइम उतरतो, एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हरच्या प्रत्येक अपडेटबरोबर त्याची एक प्रतही येते, आणि 'अनयूज्ड' पर्यायाची साफसफाई अधूनमधून करावी लागते. अ‍ॅप काढले तरी घरच्या निर्देशिकेतील लपलेल्या 'व्हार-अ‍ॅप' फोल्डरात त्याची माहिती उरते. काढतानाच ती पुसण्याचा पर्याय निवडावा.

फ्लॅटहबवर दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पहिली, अ‍ॅपच्या मूळ निर्मात्याने पडताळणी केल्याची खूण. ती नसेल तर ते पॅकेज तिसऱ्याच कोणीतरी बांधलेले असू शकते. दुसरी, परवानग्या. संपूर्ण घरची निर्देशिका उघडी मागणाऱ्या अ‍ॅपचे सँडबॉक्स (प्रणालीपासून वेगळे ठेवणारे कुंपण) नावापुरतेच उरते. फ्लॅटसील या साधनाने अशा परवानग्या कमी करता येतात. ग्नोम सॉफ्टवेअरमध्ये एकच अ‍ॅप आरपीएम, फेडोराचे स्वतःचे फ्लॅटपॅक आणि फ्लॅटहब अशा तीन उगमांतून दिसू शकते, म्हणून उगम निवडण्याची यादी उघडून पाहावी. ओबीएस स्टुडिओ या पडदा-चित्रीकरणाच्या अ‍ॅपच्या प्रकल्पाने फेडोराने बांधलेल्या त्याच्या फ्लॅटपॅकवर फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर आक्षेप घेतला, तो या गोंधळामुळेच. वापरकर्ते ते पॅकेज अधिकृत समजून त्यातल्या दोषांच्या तक्रारी मूळ प्रकल्पाकडे नेत होते.

अ‍ॅपइमेज एखादे साधन एकदाच चालवून पाहण्यासाठी सोयीचे आहे, सगळे एकाच फाइलीत असल्याने ती पुसली की बहुतेक काम संपते. परंतु तिला अपडेट देणारी मध्यवर्ती व्यवस्था नाही, आणि क्यूटी या साधनसंचावर बांधलेल्या ज्या अ‍ॅपइमेजमध्ये आयबस या टंकलेखन-सेवेचे प्लगइन सोबत बांधलेले नसते, तिच्यात आयबसमधल्या इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टाइप करता येत नाही. मराठीत लिहिणाऱ्याने हे आधी तपासावे. फ्लॅटपॅकमध्ये ही अडचण मला आली नाही, आणि प्रणालीवर बसवलेले फॉन्टही त्याला दिसतात.

आता फॉन्टविषयी, कारण जवळपास प्रत्येक तयार स्क्रिप्ट 'मायक्रोसॉफ्ट फॉन्ट' बसवण्याचे आश्वासन देते. तिच्यातून जो संच येतो तो एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना, जॉर्जिया यांच्या जुन्या आवृत्त्यांचा असतो. त्यात देवनागरी अक्षरच नाही आणि विंडोजचा मंगल हा देवनागरी फॉन्टही नाही. इंग्रजी दस्तऐवजांच्या ओळी हलू नयेत म्हणून तो हवा असेल, तर एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कूरियर न्यू यांच्याच मापाचे लिबरेशन फॉन्ट रेड हॅटने २००७ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते फेडोराबरोबर येतात. कार्यालयातून मंगलमध्ये टाइप केलेली फाइल आली, तर ती युनिकोडमध्ये असल्याने नोटो सान्स देवनागरीत नीट वाचता येते, फक्त पानांची विभागणी थोडी सरकते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असेल तर यांतला कोणताच इन्स्टॉलर उपयोगी पडत नाही. तिथे तो विशिष्ट फॉन्ट तरी लागतो किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक तरी.