गोष्ट कोणी सांगायची: ‘मी’, ‘ती’ की सर्वसाक्षी निवेदक?

एकच प्रसंग तीन तऱ्हांनी लिहून बघू.

‘मी डबा उघडला. बांगड्या नव्हत्या. सासूबाई दारात उभ्या होत्या.’

‘सुमनने डबा उघडला. रिकामा. सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलंच नाही.’

‘सुमनने डबा उघडला तेव्हा शांताबाई दारात होत्या. बांगड्या सोनाराकडे गहाण पडल्यात, हे दोघींपैकी एकीलाच ठाऊक होतं.’

पहिल्या दोन्हींत वाचक सुमनइतकाच अंधारात असतो. तिसऱ्यात सर्वसाक्षी, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाणणारा, निवेदक बोलतो; त्यामुळे वाचकाला आधीच कळलेलं असतं, आणि सुमनला कधी कळणार याची धाकधूक लागते. तेव्हा आधी हे ठरवा, की गुपित वाचकापासून लपवायचंय की नुसतं सुमनपासून.

‘मी’ निवडावा तो बोलण्यासाठी. ‘कोसला’तून (१९६३) पांडुरंग सांगवीकरचं बोलणं काढून घेतलं तर कादंबरी उरतच नाही. तुमच्या मजकुरात ‘मी’च्या जागी नाव घाला, क्रियापदं बदला आणि वाचा. काहीच बिघडलं नाही, तर तो ‘मी’ उगाच घेतलाय. अडचणही मोठी आहे: जिथे ‘मी’ हजर नाही तिथलं सांगायचं कसं? मग दाराआडून ऐकलेली बोलणी आणि अवचित सापडलेली पत्रं येऊ लागतात. यावर उपाय म्हणजे अनेक ‘मी’. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण बोलतात आणि शेवटचा भाग श्रीकृष्ण सांगतो, स्वतःचं मरण कर्ण कसं सांगणार? पण इतके आवाज वेगळे राखणं नवख्याला झेपत नाही.

एकाच पात्राला धरून चालणारं तृतीयपुरुषी निवेदन, म्हणजे ‘ती’ किंवा ‘तो’ म्हणून सांगितलेली गोष्ट, मला पहिल्या कथेसाठी सगळ्यात भरवशाचं वाटतं. सुमनच्या मनातलं सांगता येतं, आणि भाषा तिच्याहून थोडी मोकळी ठेवता येते. फक्त शिस्त पाळावी लागते. वरच्या दुसऱ्या नमुन्यात ‘सासूबाई’ आहेत, तिसऱ्यात ‘शांताबाई’. सुमनच्या नजरेतून चाललेल्या कथेत मध्येच ‘शांताबाई’ आल्या, किंवा ‘सासूबाईंना मनातून धस्स झालं’ असं लिहिलं गेलं, की आपण तिच्या डोक्यातून बाहेर पडलो. ही चूक सर्रास होते, आणि पहिला खर्डा वाचताना लेखकाला ती दिसत नाही.

सर्वसाक्षी निवेदक घ्यावा तो गाव, वाडा, तीन पिढ्या असा पसारा असेल तेव्हा. दहा पानांच्या कथेत दोन बायका आणि एक डबा एवढंच असेल, तर तो घ्यायचा की नाही हे गहाणाची बातमी वाचकाला कोणत्या पानावर द्यायची यावर ठरवा.