तीन पत्ती की पोकर? दिवाळीच्या रात्रीचा वाद

नौपाड्यात मामाकडे दिवाळीत तीन पत्ती ठरलेली, पण यंदा घोडबंदरवाला मावसभाऊ पोकरचा, म्हणजे टेक्सास होल्डमचा हट्ट धरून बसला, शेवटी शेंगदाणे लावून दोन्ही खेळलो.

तीन पत्ती सोप्पी. बूट, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांनी लावायची रक्कम, टाका, तीन पानं घ्या, बघायची नसतील तर ब्लाइंड खेळा, बघितलीत की चाल, म्हणजे लावायची रक्कम, दुप्पट. मामी न बघताच अर्धा तास रेटत होती आणि आम्ही बघणारे दुप्पट शेंगदाणे घालवत होतो.

पोकरमध्ये पण ब्लाइंड असतो पण तो वेगळाच, डीलरच्या डावीकडच्या दोघांनी पानं मिळायच्या आधीच टाकायची सक्तीची रक्कम, स्मॉल आणि बिग. हातात दोनच पानं, टेबलावर आधी तीन, मग एक, मग अजून एक उघडतं, आणि बेटिंग चारदा, एकदा टेबलावर काही उघडायच्या आधी आणि मग प्रत्येक वेळी. कोणी लावलं नसेल तर चेक, म्हणजे काही न लावता पुढे, लावलं असेल तर कॉल (तेवढंच लावा), रेज (वाढवा) नाहीतर फोल्ड (पानं टाकून द्या).

गोंधळ झाला तो कलरवरून, म्हणजे सगळी पानं एकाच चिन्हाची. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारी पानं, कलरला हरवतो, पोकरमध्ये उलटं, कारण तिथे संच पाच पानांचा आणि पाच पानांत कलर जास्त दुर्मिळ. मामा सिक्वेन्स दाखवून शेंगदाणे ओढायलाच लागले होते, मग भावाने कलर टाकला आणि जी बोंबाबोंब झाली!

डोक्याला चालना हवी तर पोकर, पण दहा जणांचा कल्ला, मधेच चकली, तर मला तीन पत्तीच. पोकरला मामी दुसऱ्या डावातच उठून गेली.