आजोबांच्या चावीच्या घड्याळाची दुरुस्ती: एक अभिप्राय

आजोबांचे चावीचे मनगटी घड्याळ माझ्याकडे आले, तेव्हा ते दिवसाला दहा-बारा मिनिटे मागे पडत होते, म्हणून मी ते एका घड्याळ दुरुस्ती केंद्रात दिले. कारागिराने माझ्यासमोरच मागचे झाकण उघडले आणि वंगण वाळून घट्ट झाले आहे, पण मुख्य स्प्रिंग शाबूत असून ती बदलण्याची गरज नाही, असे सरळ सांगितले. न लागणारा भाग गळ्यात न मारण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला; कारण चुकून जास्त आलेली सुट्टी नाणी परत करायला भर उन्हात माघारी फिरणाऱ्या आजोबांचे बोट धरूनच मी माणसे पारखायला शिकलो. सफाई आणि तेलपाणी झाल्यावर तासाला १८,००० ठोक्यांची त्याची लय पुन्हा नियमित झाली. काम मात्र कबूल केलेल्या तारखेपेक्षा आठ दिवस लांबले आणि तसे आधी कळवलेही नाही. दिलेल्या शब्दाबाबत आजोबा कमालीचे काटेकोर असल्यामुळे ही उणीव मला खटकली. काचेवरचा जुना ओरखडा माझ्या विनंतीवरून कारागिराने तसाच ठेवला. आता रोज सकाळी, आजोबांप्रमाणेच, हाताला अडथळा जाणवताच थांबून मी त्याला चावी देतो.