डिकीतली स्टेपनी टायरवाल्याच्या हाती देऊ नका

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला किंवा आंबोलीने सावंतवाडीला जाणाऱ्या सगळ्यांसाठी हे कळकळीने लिहितोय.

गेल्या पावसाळ्याआधी हायवेलगतच्या एका दुकानात गाडीला चार नवे टायर घातले. काम चालू असताना दुकानदाराने डिकीतली स्टेपनी काढली. ती जवळजवळ कोरीच होती. म्हणाला, "आता स्टेपनी कोण ठेवतंय की ओ सर! कायद्यानंच सूट दिलीय. ही मला द्या, पैसे कमी करतो, वर पंक्चर किट फुकट."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. मीही फसलो आणि स्टेपनी देऊन बसलो. २०२० साली नियम बदलले, पण सूट आहे ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट, हे तिन्ही असलेल्या गाडीला. माझ्या गाडीत ती यंत्रणाच नाही. शिवाय किट चालतं ते जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला तर. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फाटली की त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि नेमकी तीच फाटली. कणकुंबीच्या पुढे खड्ड्याच्या धारेवर डावा टायर आदळला. धो धो पाऊस, मुलं गाडीत, मोबाईलला रेंज नाही. किटमधलं पांढरं रसायन भरावं तसं फटीतून रस्त्यावर येत होतं. शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी मला चाकासकट जांबोटीला सोडलं. देव त्यांचं भलं करो.

तिथल्या पंक्चरवाल्याने टायर उलटा करून आतली बाजू पुसली. "दादा, हा नंबर बघा." ३२१८. म्हणजे २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर, मला नवा म्हणून विकलेला! बऱ्याच टायरांवर हा चार आकडी नंबर एकाच बाजूला असतो आणि दुकानदाराने चारही टायर ती बाजू आत करून बसवले होते. बाहेरून काळं पॉलिश चकचकीत, पण खाचा बोटांनी फाकवल्या की आत केसासारख्या बारीक भेगा. अशा टायरवर बायकापोरांना घेऊन घाट उतरायचा? हा जिवाशी खेळ आहे. टायर रिमवर चढण्याआधीच नंबर वाचा. ती बाजू आत गेली की नंतर तो सहज दिसत नाही. गाडी दुकानात सोडण्याआधी स्टेपनीचाही नंबरासकट फोटो काढा.

परत जाऊन जाब विचारला, तर म्हणतो, "हे टायर आमचे कशावरून?" "बिल घेतलं तर जीएसटी वेगळा पडेल" म्हणत त्याने साधी चिठ्ठी दिली होती. बिलावर टायरची कंपनी, साइज आणि तो नंबर लिहून मागा. पैसे यूपीआयने गेले होते, त्या नोंदीवर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.