आझमनगरचा रुपया: दोघांनी घेतला, दोघेही फसलो

आजीच्या पानाच्या डब्यात तळाशी एक दुदांडी शिवराई, मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, पडलेली असायची. ती मी मागून घेतली, आणि तेव्हापासून मी नाणी जमवतोय. एकवीस वर्षं झाली. बेळगावसारख्या गावात या नादाला खाद्य भरपूर. गोव्याकडून पोर्तुगीजांचा १८८१-८२ चा चांदीचा रुपिया येतो, जुन्या वाड्यांतून राणीछाप रुपये निघतात, खेड्यांत शिवराई अजून देव्हाऱ्यात पुजलेली दिसते.

पण खरी गोडी लागली ती शहापूरच्या माझ्या मित्रामुळे. दर रविवारी सकाळी टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ आम्ही चहाला बसतो. आठवड्यात हाती लागलेलं नाणं रुमालात बांधून न्यायचं, समोरच्याने भिंग लावून ओळखायचं. नाही ओळखता आलं तर चहाचे पैसे त्याचे. त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, ही रुखरुख फार वाईट असते, पण त्या रुखरुखीनेच मी फारशी अक्षरं गिरवली. औरंगजेबाच्या रुपयाच्या मागचं, बादशहाच्या राज्यारोहणाचं वर्ष सांगणारं ‘सन जुलूस मैमनत मानूस’ मला पहिल्यांदा वाचता आलं, त्या दिवशी मी त्याच्या घरी धावत गेलो होतो.

आम्हा दोघांनाही एक नाणं हवं होतं. औरंगजेबाच्या काळात बेळगावचं नाव आझमनगर झालं, त्याच्या मुलाच्या, शहजादा आझमच्या नावावरून. टांकसाळीचं नाव म्हणून ‘आझमनगर’ कोरलेले चांदीचे रुपये आहेत. सुरतेचा औरंगजेबी रुपया सहज मिळतो, आझमनगरचा मिळत नाही. आपल्या गावचं नाणं आपल्या संग्रहात असावं, आणि ते आधी आपल्याकडे यावं, एवढंच दोघांच्या मनात. ही गोष्ट आम्ही चारचौघांत किती वेळा बोललो असू. ती कुणीतरी ऐकत होतं.

गेल्या वर्षी श्रावणात मला एक फोन आला. ओळखीतून नंबर मिळाला म्हणाला. शनिवार खुटावर भेटलो. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, मराठी आणि कानडी दोन्ही सराईत. पहिल्या भेटीत त्याने पाच शिवराया दिल्या, दुसऱ्या भेटीत सुरतेचा एक रुपया. सगळं अस्सल, आणि भाव बाजारापेक्षा थोडा कमीच. त्या दोन भेटींनीच माझा घात केला. अस्सल माल देणाऱ्या माणसावर मी पुन्हा संशय घेतला नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने चुरगळलेल्या कागदातून एक काळपट रुपया काढला. गोकाककडे घराचा पाया खणताना गाडगं निघालं, त्यातला, म्हणाला. मी भिंग लावलं. ‘आझमनगर’, सगळी अक्षरं स्वच्छ. हात थरथरले माझे. खिशातल्या छोट्या काट्यावर ठेवला, ११.४ ग्रॅम, बरोबर. हाताला मात्र तो नेहमीच्या रुपयापेक्षा थोडा जाड लागला. ते मला जाणवलं होतं, आणि ‘गावोगावच्या टांकसाळी, फरक असणारच’ असं मी मनाशी म्हणून टाकलं.

मग तो हळूच म्हणाला, “सर, शहापूरचे साहेब पण असलाच बघूलालेत. त्यांना अजून दाखवला नाही. तुम्ही त्यांच्याकडे बोलू नका, उगाच भाव चढतो.”

तिथे मी संपलो. भाचीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले २२,००० रुपये मी उभ्या उभ्या फोनवरून पाठवले. बायकोला सांगितलं नाही. मित्राला तर नाहीच. सलग दोन रविवार मी साधीच नाणी नेली आणि मनातल्या मनात त्याचा चेहरा कसा होईल ते बघत राहिलो.

तिसऱ्या रविवारी दोघांचेही रुमाल एकदमच सुटले. दोन्हींत आझमनगर.

क्षणभर दोघांनाही आनंदच झाला. मग त्याने त्याचा रुपया माझ्या रुपयाशेजारी ठेवला. कडेला तीच छोटी खोक, मागे सराफाने मारलेली तीच चंद्रकोरीसारखी खूण, त्याच जागी. ही नाणी हातोड्याने एकेक पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकूर वेगळ्या जागी कापला जातो, कड वेगळी फाटते. सराफाची खूण तर नाणं बाजारात फिरताना कुणीतरी पारखायला मारलेली. दोन नाण्यांवर ती एकाच जागी येणं शक्य नाही. म्हणजे एका नाण्याचा साचा काढून दोन्ही ओतलेली. आम्ही दोघं काही बोललोच नाही. चहावर साय धरली.

खडे बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबता ठेवून तोलला. एवढ्या वजनाची चांगली चांदी पाण्यात १.१ ग्रॅमच्या आसपास हलकी भरते. आमचा १.३ ने भरला. जर्मन सिल्व्हर. नावातच चांदी, आत नाही. चांदीपेक्षा हलका धातू, म्हणून वजन जुळवायला जाडी वाढवलेली. माझ्या बोटांनी सांगितलं होतं ते हेच. मग कडेवर भिंग धरलं तर कानशीचे बारीक ओरखडे दिसले, साच्याची रेघ घासून काढल्याचे, आणि अक्षरांच्या खाचांत सुईच्या टोकाएवढे खड्डे, ओतताना हवा अडकल्याचे.

त्याचा फोन तोवर बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आम्ही कळवलं, पण पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. असा फोन त्याच तासाला करायचा असतो. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे गेलेलं खातं तिसऱ्याच कुणाचं निघालं.

वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणून आधी नोंदणीचे पैसे मागणारे भामटे आता बऱ्याच जणांना माहीत झालेत. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला तसा इशाराही दिला होता. ते नवख्यांना गाठतात. आम्हाला गाठणारा आमची हौस, आमची चढाओढ, आमच्यातलं न बोलणं सगळं ओळखून आला होता. मी एका शब्दाने मित्राला विचारलं असतं तर दोघंही वाचलो असतो. ‘कुणाला सांगू नका’ असं विकणारा म्हणाला, की त्याच क्षणी आपल्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला फोन लावा. आणि ‘गाडगं निघालं’ ही गोष्ट ऐकून मी तिथूनच उठायला हवं होतं. जमिनीत सापडलेलं पुरलेलं धन सरकारला कळवायचं, असा कायदा आहे. खरं असतं तरी ते नाणं घेऊन मी अडचणीत आलो असतो.

मला पैशांपेक्षा त्या दोन रविवारांचं जास्त वाईट वाटतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यापासून काही लपवलं होतं, आणि त्यानेही माझ्यापासून.

साचा त्यांच्याकडे आहे, तेव्हा तिसरा रुपयाही असणारच. ‘आझमनगर’ वाचता येईल अशी बाजू समोर धरा. घड्याळात चार वाजतात त्या जागी कडेला खोक, आणि ‘जुलूस’ शब्दाच्या डोक्यावर चंद्रकोर. असा रुपया निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठेही कुणी पुढे केला तर पैसे देऊ नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा आणि रविवारी सकाळी पहिल्या गेटाजवळ या. आमचे दोन्ही रुपये आता एकाच रुमालात असतात, शेजारी ठेवून बघू.