बिलात पाईप बावीस फूट, धुराड्यात चार

पन्हाळ्यावर आमचा आजोबांच्या वेळचा बंगला आहे. दिवाणखान्यात चुन्यात बांधलेली फायरप्लेस, आणि तिचं धुराडं माडीवरच्या खोलीच्या भिंतीतून छपराबाहेर जातं. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड भारंभार जळतं आणि ऊब बरीचशी धुराबरोबर वर निघून जाते. म्हणून तिच्यात काचेच्या दाराचा, बिडाचा इन्सर्ट, म्हणजे आत सरकवून बसवायची बंद शेगडी, बसवायचं ठरलं. इन्सर्ट उत्तम निघाला. फसवलं ते फायरप्लेस तयार करून देणाऱ्या कोल्हापूरच्या कंत्राटदारानं.

कोटेशन झकास होतं. जुनी काजळी खरवडणे, तोंडाशी असलेली लोखंडी झडप काढणे, सांधे भरणे आणि इन्सर्टपासून छपरावरच्या टोपीपर्यंत 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा लवचिक पाईप. खरा पैसा या पाईपातच जातो. इन्सर्टचा धूर उघड्या जाळापेक्षा थंड आणि संथ असतो. जुन्या रुंद धुराड्यात तो पसरला की आणखी निवतो आणि भिंतींवर डांबरासारखी चिकट काजळी धरते. ती पेटली तर धुराडंच आतून पेटतं. पाईप अरुंद असल्यामुळे धूर गरम राहतो आणि झटकन बाहेर पडतो.

पाईप सोडायच्या दिवशी कंत्राटदार म्हणाला, "साहेब, लई धूळ उडणार, तुम्ही आज नका येऊ." संध्याकाळी गेलो तर इन्सर्ट जागेवर, भोवती काळा पत्रा नेटका बसवलेला. जाळही सुरेख लागला.

थंडी सरता सरता माडीवरच्या कपाटातल्या गोधड्यांना धुराचा वास यायला लागला. मग तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं पिवळट तपकिरी डाग उमटला. बोट लावलं तर चिकट. फोन केला तर उत्तर तयार: "तुम्ही ओली लाकडं जाळताय." पन्हाळ्याच्या धुक्यात हे कुणालाही पटावं! पण आमची लाकडं पडवीत वर्षभर वाळलेली होती.

शेवटी ओळखीच्या गवंड्याला छपरावर चढवलं. त्यानं टोपी काढली, बॅटरी मारली आणि वरूनच ओरडला, "दादा, हितं पाईपच न्हाई ओ!" ओळंबा सोडला तो थेट खाली जाऊन खणकन वाजला. दोरी मोजली, वजाबाकी केली. पाईप होता जेमतेम चार फूट. झडपही तशीच, पाईप घुसवायला नुसती वाकवलेली. आम्ही धूर सोडत होतो तो जुन्या धुराड्याच्या पोकळीत, आणि तो सांध्यांमधून सागवानी तुळईपर्यंत पोचत होता. त्यातला कार्बन मोनॉक्साईड तर वासानंही कळत नाही. त्या खोलीत मुलं झोपतात.

आता त्या चार फुटांची गंमत. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे माल चांगला, असं त्यानं आम्हाला करून दाखवलं होतं. चुंबक 202 या हलक्या प्रतीच्या स्टेनलेसला पण चिकटत नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तुकडा धरला तर निकेल पाचच्या आत, मँगनीज आठच्या वर आणि मॉलिब्डेनम जवळपास नाहीच. 316 मध्ये निकेल दहा टक्क्यांच्या वर आणि मॉलिब्डेनम दोन ते तीन टक्के लागतं. म्हणजे तेही 202 च.

असं काम काढलंत तर पाईप जमिनीवर पसरून टेपनं मोजा, तुकडा तपासून घ्या, तो आत सोडताना स्वतः हजर राहा आणि टोपी बसायच्या आधी वरून फोटो काढून घ्या. पत्रा बसला की खालून काही दिसत नाही. शेवटचा हप्ता त्या फोटोनंतरच द्या.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. नोटीस मिळाल्यावर कंत्राटदारसाहेब स्वतः घरी आले. "निम्मे पैसे देतो, मिटवून टाकूया." मी म्हटलं, मिटवू की, आधी जुन्या बिलावर 'पाईप चार फूट, 202' असं लिहून सही करा. चहा अर्धा सोडून गेले.