शस्त्र खाली की न्याय्य युद्ध?

युद्धाबद्दल ख्रिस्ती माणसापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत.

शांतिवादी म्हणतो, मारायचं नाही, कुणासाठीच नाही. शिष्य पेत्राला तलवार म्यान करायला लावून येशूनं प्रत्येक सैनिकाचंच शस्त्र उतरवलं, असं सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुलियननं लिहून ठेवलंय. 295 मध्ये मॅक्सिमिलियन या 21 वर्षांच्या तरुणानं रोमन सैन्यात जायला नकार दिला आणि शिरच्छेद पत्करला. पुढे मेनोनाइट आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथांनी हीच भूमिका धरली.

दुसरी वाट न्याय्य युद्धाची, प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनची. शेजाऱ्यावर प्रेम असेल तर त्याच्यावर चालून येणाऱ्याला अडवावंच लागतं. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस ॲक्वायनसनं अशा युद्धाला तीन अटी घातल्या: युद्ध अधिकृत सत्तेनं पुकारलेलं हवं, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. निरपराधांवर हात टाकायचा नाही, हेही त्यात आलं.

पहिली वाट कठीण आणि दुसरी सोयीची, असा समज आहे. मला उलटं वाटतं. शांतिवादी एकदाच ठरवतो; दुसऱ्या वाटेनं जाणाऱ्याला प्रत्येक युद्ध तोलावं लागतं, स्वतःच्या देशाचंसुद्धा. ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर सगळ्याच युद्धांच्या विरोधात नव्हता. हिटलरचं युद्ध अन्याय्य आहे, एवढंच त्याचं म्हणणं. त्या सैन्यात लढायला नकार दिला म्हणून 9 ऑगस्ट 1943 रोजी नाझींनी त्याला मारलं. 1944 मध्ये ब्रिटिश बिशप जॉर्ज बेल यांनी हिटलरविरोधी लढ्याला पाठिंबा असूनही जर्मन शहरांवरच्या सरसकट बॉम्बफेकीचा जाब संसदेत विचारला. अटी खऱ्या मानल्या की असं होतं.

कायदाही या वाटेला कमी साथ देतो. 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सक्तीच्या सैन्यसेवेतून सूट सगळ्याच युद्धांना नकार देणाऱ्यालाच. फक्त व्हिएतनामचं युद्ध नको म्हणणाऱ्याला नाही.

शांतिवाद्याची कसोटी वेगळी: मग त्या शेजाऱ्याचं काय? फ्रान्समधल्या ल शाँबों गावात पाद्री आंद्रे त्रोकमे आणि गावकऱ्यांनी नाझींपासून ज्यूंना लपवून उत्तर दिलं. पण नाझींच्या छळछावण्यांतून लोकांना सोडवलं ते सैन्यांनीच, हे नाकारून चालत नाही.

मधली वाट हवी असेल तर अमेरिकन सैन्यातला वैद्यकीय मदतनीस डेस्मंड डॉस पाहा. बंदूक न उचलता तो 1945 मध्ये ओकिनावात जखमींना कड्यावरून खाली उतरवत राहिला. कडव्या शांतिवाद्यांना तेही पटत नाही. बरा झालेला सैनिक पुन्हा बंदूकच उचलतो, असं ते म्हणतात.